आपल्या गावाचा पैसा आणि शाळेची टाकी

सरकार आपल्या गावाला दर वर्षी पैसे पाठवते हे तुम्हाला माहीत आहे का? आणि ते कशावर खर्च करायचे ते गावानेच ठरवायचे असते. मला हे माहीत नव्हते. मला वाटायचे, सगळे दिल्लीला नाहीतर मुंबईला ठरते. आपल्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, म्हणून मला हे कळले. ते कसे ते मी सांगते.

पाणी नाही म्हणून आम्ही हापशावरून बादली भरून नेतो. चौथीच्या मुली हापसा मारू शकतात, पण पहिलीच्या मुलींना दांडा खाली ओढता येत नाही. माझी लहान बहीण पहिलीत आहे. ती दिवसभर पाणीच पीत नाही, म्हणजे जायला नको. मागे आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या पोटात फार दुखले आणि ती चार दिवस शाळेत आली नाही. मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, आपल्याला टाकी कोण देणार?" गुरुजी म्हणाले, "आपलं गावच देणार. पण मागावी लागेल." मग त्यांनी फळ्यावर सगळे समजावून सांगितले.

आपल्या महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या 1 मे 1962 ला सुरू झाल्या. पुढे देशाच्या घटनेत 73 वी दुरुस्ती झाली. ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. तेव्हापासून ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांना घटनेतच जागा मिळाली. म्हणून 24 एप्रिलला पंचायत राज दिवस असतो.

आता पैसे कुठून येतात ते पाहू. थोडे गावाचे स्वतःचे असतात. ते घरपट्टी आणि पाणीपट्टीतून येतात. बाकीचे सरकार देते. दिल्लीत वित्त आयोग असतो. देशाच्या पैशातून कोणाला किती वाटा द्यायचा ते तो सरकारला सुचवतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशातल्या सगळ्या खेड्यांकरिता 2,36,805 कोटी रुपये सुचवले होते. गुरुजींनी हा आकडा फळ्यावर मांडला तेव्हा आम्हाला शून्येच मोजता येईनात. त्यानंतरच्या पाच वर्षांसाठी सोळावा आयोग आहे.

पंधराव्या आयोगाच्या वेळचा हिशोब सोपा करून सांगते. समजा आपल्या राज्यातल्या खेड्यांसाठी 100 रुपये आले. त्यातले 10 जिल्हा परिषदेला, 10 पंचायत समितीला आणि 80 ग्रामपंचायतींना. या 80 चे पुन्हा दोन भाग. 48 रुपये बंधित, म्हणजे बांधलेले. त्यातले 24 पाण्यासाठी व 24 स्वच्छतेसाठीच वापरायचे. उरलेले 32 अबंधित, म्हणजे मोकळे. ते गावाच्या गरजेच्या दुसऱ्या कामाला वापरता येतात, पण पगाराला नाही.

माझी आई पण असेच करते. तांदळाच्या डब्यात किराणाचे पैसे आणि डाळीच्या डब्यात आजीच्या औषधाचे पैसे. डाळीच्या डब्याला बाबासुद्धा हात लावत नाहीत.

कोणते काम करायचे त्याची यादी करतात, तिला आराखडा म्हणतात. आपल्या राज्यात 2015 पासून 'आमचा गाव आमचा विकास' या नावाने तो तयार होऊ लागला. आराखडा ग्रामसभेत ठरतो. ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे मतदार, अठरा वर्षांच्या वरचे. सरपंच आणि पंच म्हणजे ग्रामसभा नव्हे. पुष्कळांना हे माहीत नसते.

2 ऑक्टोबर 2024 ला आपल्या गावात ग्रामसभा होती. मी तेव्हा तिसरीत होते. आई खुरपायला गेली होती. सभेला मतदारांचे शेकडा पंधरा किंवा शंभर, यात जे कमी असेल तेवढे लोक लागतात. तेवढे आलेच नाहीत, म्हणून सभा तहकूब झाली. गुरुजी म्हणाले, "तहकूब झालेल्या सभेला संख्येची अट नसते. मग जे चार लोक येतील ते ठरवतील." हे मी घरी जाऊन आईला सांगितले. आईने शेजारच्या काकूंना सांगितले. काकूंनी बचत गटात सांगितले.

पुढच्या सभेला सतरा-अठरा बायका खुरपी घेऊन रानातून तशाच आल्या. आम्ही मुले देवळाच्या पायरीवर बसून ऐकत होतो. काही लोक म्हणाले, गावाला वेशीजवळ मोठी कमान पाहिजे. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "पाण्याचा आणि स्वच्छतेचा पैसा कमानीला लागत नाही." तेव्हा एकजण म्हणाले, मग मोकळ्या पैशातून करा, आणि पाण्याच्या पैशातून पाराजवळ नळ करा. माझी आई कधी सभेत बोलत नाही. पण ती उठली. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "भाऊसाहेब, कमान बांधाल हो. पण त्या कमानीखालनं शाळंत आलेल्या पोरींनी जायचं कुठं?"

आधी लोक हसले. मग कोणीच हसेना. सरपंचबाई म्हणाल्या, "आक्का बोलल्या ते लिहून घ्या." शाळेसाठी टाकी व नळ, असा ठराव झाला. भाऊसाहेबांनी तो वहीत लिहिला आणि आम्हाला वाचून दाखवला. (भाऊसाहेबांच्या पदाचे नाव आता ग्रामपंचायत अधिकारी आहे, पण गावात सगळे ग्रामसेवकच म्हणतात.)

ठराव झाला म्हणजे काम झाले असे नसते. पैसे हप्त्याने येतात. आराखडा सरकारच्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर चढवावा लागतो. तो कोणालाही पाहता येतो. गुरुजींनी मोबाईलवर आम्हाला आपल्या गावाचे पान दाखवले. त्यात आपली टाकी आहे! मी दोनदा वाचले. यंदा दिवाळीनंतर चर खणला आणि पाइप शाळेच्या भिंतीपर्यंत आला. टाकी अजून यायची आहे.

गुरुजींनी आम्हाला हिवरे बाजार गावाची पण गोष्ट सांगितली. ते अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. 1989 साली तिथे पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदान केले, पाणी अडवले. पाऊस किती झाला ते पाहून कोणते पीक घ्यायचे ते तिथे ग्रामसभेत ठरवतात. पैसा सरकारचा होता, पण गाव एक झाले म्हणून त्याचा उपयोग झाला.

आता मी हा लेख का लिहिला ते सांगते. आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. जूनमध्ये मी पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार. टाकी आली तर ती मला वापरायला मिळणार नाही. म्हणून दुसरी-तिसरीच्या मुलामुलींनो, तुम्ही विसरू नका. ग्रामसभा असली की घरी सांगा, आईला, काकूला, आजीला पाठवा. आणि भाऊसाहेब दिसले की नमस्कार करून विचारा, "आमची टाकी कधी येणार?" विचारल्याने कोणी रागवत नाही. मी विचारले आहे.

एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी