अनुबोधपटाच्या दिग्दर्शिका आणि समान संधीचा प्रश्न

अनुबोधपटाच्या क्षेत्रात स्त्री-पुरुष समता कितपत आली, हे पाहावयाचे तर दिग्दर्शिकांची केवळ संख्या मोजून भागत नाही. त्यांचा पहिला पट कोणाच्या आश्रयाने निघाला व दुसऱ्यासाठी द्रव्य कोठून आले, हे प्रश्न अधिक मूलगामी होत.

या दृष्टीने दोन उदाहरणे उद्बोधक आहेत. सुमित्रा भावे (१९४३–२०२१) चित्रपटव्यवसायात उमेदवारी करून दिग्दर्शनाकडे वळल्या नाहीत. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी काही काळ अध्यापन केले होते. झोपडवस्तीतील स्त्रियांविषयीचे संशोधन निरक्षर स्त्रियांपर्यंत ग्रंथरूपाने पोहोचणार नाही, हे जाणून त्यांनी १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट केला. त्यास राष्ट्रीय पुरस्कार लाभला. तत्पूर्वी, १९८० साली दीपा धनराज प्रभृतींनी 'युगांतर' हा गट स्थापिला. पुण्यातील मोलकरणींच्या संघटनेवरील 'मोलकरीण' (१९८१) व निपाणीच्या तंबाखू-कामगार स्त्रियांवरील पट (१९८२) ही त्याची निर्मिती होय.

दोन्ही ठिकाणी प्रवेशद्वार व्यवसायाबाहेर उघडले, ही गोष्ट लक्षणीय आहे. छायाचित्रण व दिग्दर्शन यांचे शिक्षण बव्हंशी साहाय्यकाच्या उमेदवारीतून मिळते. साहाय्यकाची निवड ओळखीने होते. आणि रात्री-अपरात्रीचे काम व दूरचा प्रवास ही सबब स्त्रियांविरुद्ध सहज पुढे केली जाते. संशोधनसंस्था व स्वतंत्र गट यांनी हा अडसर टाळला खरा. परंतु असा आश्रय योगायोगाने लाभतो आणि टिकेलच असे नाही.

कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचा अनुभव येथे विचारार्ह ठरतो. त्याने १९७४ मध्ये स्त्रियांसाठी 'स्टुडिओ डी' हा स्वतंत्र विभाग काढला. १९९६ मध्ये तो बंद झाला. पुढे २०१६ साली मंडळाने आपल्या निर्मितिखर्चाचा निम्मा वाटा दिग्दर्शिकांच्या पटांसाठी देण्याचे ठरविले. वेगळे दालन एका निर्णयाने मिटू शकते. मुख्य अंदाजपत्रकातील वाटा मात्र दरवर्षी हिशेबात दाखवावा लागतो. आपल्याकडे १९४८ साली स्थापन झालेला फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाला. तेव्हा असा नियम करावयाचा तर तो प्रथम तेथेच करता येईल.

विद्यापीठीय विभागांचेही यात कर्तव्य आहे. ठाण्याची वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, १९६२ मधील, पहिली वसाहत. तेथील स्त्रीकामगारांवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीस विभागाने कॅमेरा, ध्वनिमुद्रण व संकलन यांचे साहाय्य रीतसर उपलब्ध करून दिले, तर 'बाई'च्या वेळी जो योगायोग होता, त्याची परिपाठी होईल.