पीर पंजालचा बर्फ कुठे जातो?

काश्मीरला जाणारी आपली मंडळी बर्फासाठी गुलमर्ग गाठतात, पहलगामला मुक्काम करतात आणि वेरीनाग बहुतेकांच्या सहलीतून सुटतं. ते सुटू देऊ नये. पीर पंजालच्या पायथ्याशी, बनिहाल घाटाच्या काश्मीरकडच्या अंगाला हा झरा आहे. झेलमचा उगम तो हाच, असं मानतात. १६२० मध्ये जहांगीरने त्याभोवती अष्टकोनी हौद बांधून घेतला.

हौदात डोकावलं तर निळंहिरवं पाणी थिजल्यासारखं दिसतं. उकळी नाही, बुडबुडा नाही, तळाकडे मासे फिरत असतात. मग बागेतल्या कालव्याकडे वळावं. तेच पाणी तिथे खळाळत धावत असतं, आणि खालून केवढा लोट वर येतोय ते तेव्हा कळतं.

हा लोट डोंगरावरच्या बर्फाचा. इथे खडक चुनखडीचा आहे. किंचित आम्ल असलेलं पाणी तो हळूहळू विरघळवतं, भेगांच्या वाटा होतात, वाटांचे बोगदे होतात. वितळता बर्फ त्यांत मुरतो आणि डोंगर संपून खोऱ्यातला गाळ सुरू होतो तिथे वर येतो. कोकरनाग, अचबल, वेरीनाग हे सगळे झरे याच काठावरचे.

हे बोगदे किती मोठे असतील? फेब्रुवारी २०२२ मध्ये कोकरनागजवळ ब्रिंगी नदीच्या पात्रात खड्डा पडला आणि वाहती नदी त्यात गडप झाली! पुढचं पात्र कोरडं पडलं. ब्रिंगीचं मुरलेलं पाणी अचबलला निघतं, हे तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अचबलचा झराच आटला. हिवाळा कोरडा गेला होता. मुघल बागेचे पाट रिकामे झाले आणि आसपासच्या गावांचं पिण्याचं पाणी तुटलं. पुढे पाऊस-बर्फ झाल्यावर झरा परत वाहू लागला, पण माझ्या मते ती धोक्याची घंटा होती.

२१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे काश्मिरींचा ‘चिल्लई कलान’. या कडाक्यात पडलेला बर्फ घट्ट बसतो, उन्हाळ्यापर्यंत टिकतो आणि सावकाश मुरतो. मार्चमधला बर्फ मात्र उन्हाबरोबर भराभर वाहून जातो. जानेवारीत बर्फ नसला की पर्यटक हिरमुसतो. खोऱ्यातल्या शेतकऱ्याला तेव्हाच जूनच्या भातलावणीची काळजी लागते.