हत्तीच्या वकीलबाई

काय रे मुलांनो, हत्तीला कधी वकील लागतो का? लागतो बरं! आपल्या नाशिकला 1866 साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी खरोखरच हत्तीची बाजू घेतली होती. त्या हत्तीला त्याच्या हक्काच्या बागेतून हुसकावून लावलं होतं. बाई कामाची सगळी तयारी करून त्या संस्थानच्या राजाकडे पोचल्या. न्याय देणार कोण, तर खुद्द राजा, आणि तो बसलेला झोपाळ्यावर! राजाच्या कुत्र्याची नि बाईंची चटकन गट्टी जमली. झालं, राजानं तिथल्या तिथं निकाल देऊन टाकला: हत्ती जिंकला, कारण माझ्या कुत्र्याला या बाई आवडल्या!

असल्या न्यायाचा कॉर्नेलियाबाईंना उबगच आला. बरोबर आहे ना? उद्या कुत्र्याची मर्जी फिरली तर हत्तीनं काय करायचं?

मग त्या सरळ हायकोर्टात का गेल्या नाहीत? कारण बाईमाणसाला तिथं वकिली करायची परवानगीच नव्हती. हुशारीत त्या कुठंच कमी नव्हत्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकताना मुलं त्यांच्या तोंडावर वर्गाचं दार लावून घेत, तरी त्या पहिल्या वर्गात पास झाल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. पण विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळाली नाही, कारण त्या मुलगी होत्या! तिकडच्या भल्या माणसांनी वर्गणी काढली, त्यात प्रसिद्ध परिचारिका फ्लोरेन्स नाइटिंगेलही होत्या. 1892 साली ऑक्सफर्डला कायद्याची मोठी परीक्षा त्यांनी दिली. पण बायकांना तेव्हा तिथं पदवी देत नसत, म्हणून पदवीचा कागद हातात पडला 1922 साली. तब्बल 30 वर्षांनी!

कोर्टाचं दार बंद म्हणून बाई गप्प बसल्या नाहीत. बंगाल-बिहारकडच्या मोठमोठ्या वाड्यांत तेव्हा बायका पडद्यात राहत. परपुरुषाशी बोलायचं नाही, मग वकिलाशी तरी कसं बोलणार? नवरा वारला की एखादा लबाड कारभारी पडद्याआड कागद सरकवायचा, ‘इथं अंगठा उठवा’ म्हणायचा, की जमीन गेलीच समजा. कॉर्नेलियाबाई मात्र पडद्याच्या आत जाऊन बसू शकत. 1904 पासून सरकारनं त्यांना याच कामावर नेमलं. 600 हून जास्त बायका आणि पोरक्या मुलांना त्यांनी मदत केली. त्यांची सगळीच मतं मला पटत नाहीत, स्वराज्याच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. पण हे काम मला फार मोठं वाटतं.

1923 साली कायदा झाला, की बाई आहे म्हणून कुणाला वकिलीपासून अडवता येणार नाही. तेव्हा कॉर्नेलियाबाई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या, तरी कोलकात्यात त्यांनी कामाला सुरुवात केली. इकडे मुंबई हायकोर्टात मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम, पहिल्या महिला वकील म्हणून उभ्या राहिल्या. 1947 साली त्या मुंबईच्या शेरीफ, म्हणजे नगरपालही झाल्या.

आज वसईजवळच्या सातिवलीत कारखान्याच्या गाळ्यात काम करणाऱ्या एखाद्या मावशींना घरी कुणी मारहाण केली, तर त्या वसईच्या कोर्टात जाऊन दाद मागू शकतात. आपलं गाऱ्हाणं बाईलाच सांगावंसं वाटलं, तर काळा कोट घातलेल्या वकीलताई तिथं भेटतात.