स्क्रू माल ओढत नाही

बारामतीहून इंदापूरकडे निघालात की उसाच्या सरींतून काळ्या नळ्या धावताना दिसतात. १६ किंवा २० मिलिमीटरची ही ठिबकची लॅटरल एकाच स्क्रूच्या एक्स्ट्रूडरमधून निघते. ती कुठे जाड, कुठे पातळ निघाली की खापर डायवर फुटते, नाहीतर हीटरवर. हॉपरखालच्या हातभर फीड सेक्शनकडे सहसा कोणी वळून बघत नाही.

स्क्रू फिरतो म्हणून माल आपोआप पुढे जातो, हा सगळ्यांत रुळलेला गैरसमज. बोल्टवर नट चढवून बघा. बोल्ट फिरवताना नट बोटांनी धरला नाही तर दोघेही एकत्र गरगरतात, नट जागचा हलत नाही. इथे नट म्हणजे दाबून बसलेला प्लास्टिकच्या दाण्यांचा गठ्ठा आणि बोटे म्हणजे बॅरलची आतली भिंत. दाणा भिंतीला अडला आणि स्क्रूवरून घसरला, तरच पुढे सरकतो. डार्नेल आणि मोल यांनी १९५६ साली हे गणितात बसवले. म्हणून स्क्रू आरशासारखा हवा; फीडच्या जागी बॅरलही तसाच चकचकीत असावा ही समजूत मात्र उलटी आहे.

हे पटवून द्यायला या भागाइतका सोपा मुलूख नाही. साखर कारखान्याच्या मिलचे रोलर गुळगुळीत झाले की ऊस आत जायचे सोडून वरच नाचतो. म्हणून त्यांना खाचा असतात, शिवाय आर्किंग करून, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके मारून, दात खरखरीत ठेवतात. ऊस असो की दाणा, आधी पकड.

याच तत्त्वावर खाचांचे फीड बुश आले. जड ग्रेडच्या एचडीपीई पाइपला ते फार उपयोगी. पण ‘खाचा पाडा, उत्पादन वाढेल’ हा सल्ला धोक्याचा. खाचांमुळे दाब फीडमध्येच शेकडो बारवर जातो. बुश पाण्याने सतत थंड ठेवावे लागते, गिअरबॉक्सचे थ्रस्ट बेअरिंग तेवढे दमदार लागते आणि स्क्रूही वेगळा, कमी कॉम्प्रेशनचा. जुना ३:१ चा स्क्रू तसाच ठेवला तर पुढे माल कोंडतो आणि तापतो.

थ्रोट, म्हणजे हॉपरखालचे बॅरलचे तोंड, थंड ठेवणाऱ्या पाण्याबद्दलही असेच. ते बंद पडले तर दाणे चिकटून तोंडाशी कमान धरतात, हे खरे. पण म्हणून जितके गार तितके चांगले, असे नाही. पावसाळ्यात चिलरचे पाणी सोडा, आत भिंतीवर दव धरते. पकड जाते आणि ओल मालात उतरते. लॅटरलमध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास कार्बन ब्लॅक असतो, त्याला ओल आधीच प्रिय. मग नळीवर फोड. थ्रोट हाताला कोमट लागावा.

हॉपर शिगोशीग भरला की वजनाने माल जोरात उतरतो? यान्सेन यांनी १८९५ मध्येच धान्याच्या कोठारांवर दाखवून दिले, की ठरावीक उंचीनंतर वरचा भार भिंतीच पेलतात, तळावरचा दाब वाढत नाही. पातळी फार खाली जाऊ देऊ नये आणि सारखी ठेवावी, एवढे पुरे.

जुन्या मल्चिंग फिल्मचा चुरा वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. एक घनमीटर दाणा साधारण साडेपाचशे किलो भरतो, फिल्मचा चुरा कधी शंभरही भरत नाही. स्क्रूची खोबण मात्र तेवढीच. अशा वेळी ‘खोबण खोल करून घ्या’ म्हणणारे भेटतात. पण मोटारीचा सगळा पीळ फीडच्या जागेतूनच जातो. तिथला गाभा बारीक केला तर लहान स्क्रू तिथेच तुटतो. त्यापेक्षा चुरा अ‍ॅग्लोमरेटरमधून काढून घट्ट करावा, किंवा हॉपरवर दाबून भरणारा फीडर बसवावा. आणि त्याआधी धुवावा; शेतातली माती स्क्रूचे आटे खाते.

संशय असेल तर ओढणीचा वेग न बदलता सारख्या लांबीचे दहा तुकडे ओळीने कापून वजन करा. वजने वर-खाली होत असतील आणि अ‍ॅम्पिअरचा काटाही त्याच तालात डोलत असेल, तर डायला पाना लावण्याआधी हॉपर रिकामा करून थ्रोटमध्ये टॉर्च मारा.