संदेशवहनातील त्रुटिसंकेत : निरोप कोणाच्या हाती?

‘निरोप दिला’, ‘निरोप पोचला’ आणि ‘निरोप कळला’ ही तीन विधाने आपण व्यवहारात सहसा एकमेकांच्या जागी वापरीत नाही. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही आणि दुसऱ्यावरून तिसरे. संगणकाच्या कार्यप्रणालीत एक प्रक्रिया दुसरीस संदेश धाडते तेव्हाही हाच विवेक राखावा लागतो. तो राखण्याचे साधन म्हणजे त्रुटिसंकेत होत. प्रस्तुत लेखात ‘माख’ या कर्नलच्या संकेतांवरून हा विषय स्पष्ट करण्याचा विचार आहे.

कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. ‘माख’चे काम अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८५ साली रिचर्ड रशीद यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले, ॲपल कंपनीच्या मॅकओएस व आयओएस या प्रणालींच्या गाभ्यात त्याचा अंश आजही आहे. त्यात प्रत्येक संदेश ‘पोर्ट’ नामक रांगेत पडतो. त्या रांगेत संदेश टाकण्याचा अधिकार अनेक प्रक्रियांस असू शकतो. तेथून संदेश उचलण्याचा अधिकार मात्र एका वेळी एकाच प्रक्रियेकडे असतो.

संदेशाची क्रिया सफल झाल्यास कर्नल शून्य हा अंक परत करतो. विफल झाल्यास जो अंक येतो त्याची घडण पाहण्याजोगी आहे. षोडशमान पद्धतीत लिहिल्यास, धाडताना मुदत संपल्याचा संकेत १००००००४ आणि घेताना मुदत संपल्याचा १०००४००३ असा आहे. डावीकडून पाचव्या स्थानी ४ असेल तर विघ्न घेण्यात आले, शून्य असेल तर धाडण्यात. व्याकरणाच्या भाषेत हा ४ म्हणजे एक नियमित प्रत्ययच होय. मूळ धातू मात्र नियमित नाही : ‘मुदत संपली’ हा अर्थ एकीकडे ४ ने, तर दुसरीकडे ३ ने दाखविला आहे.

परंतु संकेताचे खरे महत्त्व दोष कोणाचा हे सांगण्यात नसून, संदेश आता कोणाच्या हाती आहे हे सांगण्यात आहे. गन्तव्य पोर्टच अस्तित्वात नसल्यास १०००००03 हा संकेत येतो. संदेश जागचा हललेला नसतो. याउलट रांग भरलेली असून धाडणाऱ्याने घातलेली मुदत संपली, तर कर्नल संदेश धाडणाऱ्याच्याच हाती परत देतो, जणू त्याने तो स्वतःच स्वीकारला. संदेशासोबतचे अधिकार व स्मृतीचे भाग पुन्हा त्याच्या पदरी पडतात. तो संदेश पुन्हा धाडणे किंवा नष्ट करणे हे आता त्याचे कर्तव्य ठरते. संकेत न वाचता पुढे जाणारी आज्ञावली हा भार नकळत साठवीत राहते. घेणाऱ्याने दिलेली जागा अपुरी पडल्यास तर धोका याहून मोठा : विशिष्ट पर्याय आधी मागितला असेल तर संदेश रांगेतच राहतो व आवश्यक जागा किती ते कळते, न मागितल्यास तो नष्ट होतो.

आता शून्याविषयी. धाडणाऱ्यास मिळालेले शून्य एवढेच सांगते की संदेश रांगेत पडला. त्यानंतर घेणारी प्रक्रियाच संपली, तर रांगेतील संदेश तिच्याबरोबर नाहीसे होतात; शून्य मात्र आधीच दिले गेलेले असते. संदेश पोचला तरी तो कळेलच असेही नाही. म्हणून ‘माख’च्या मिग या साधनाने रचलेल्या उत्तरांत दुसरा, स्वतंत्र संकेत असतो. तेथे उणे ३०३ आल्यास अर्थ असा की विनंती मिळाली, पण ती कोणत्या प्रकारची आहे हे ओळखता आले नाही. अशा वेळी कर्नलचा संकेत शून्य आणि उत्तरातला संकेत उणे ३०३, ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य असतात.

तात्पर्य, संदेशवहनात यशाची खूण एक नसते. धाडण्याचे यश कर्नल सांगतो. कळल्याचे यश ज्याला निरोप धाडला तोच सांगू शकतो. पहिल्या शून्यावर विसंबून दुसऱ्याची वाट न पाहणे, ही या क्षेत्रातील सर्वांत सहज घडणारी आणि सर्वांत उशिरा उमगणारी चूक होय.