विश्लेषण : अहिराणी गाण्याच्या घरच्या स्टुडिओला महागडा ‘रिव्हर्ब’ हवाच का?

लग्नसराईत जळगाव-धुळ्याकडची हळद अहिराणी गाण्यांवाचून पुढे सरकत नाही. ‘केसावर फुगे’, ‘हाई झुमका वाली पोर’ यांसारखी गाणी यूट्यूबवरून खान्देशाबाहेर गेली आणि घरच्या घरी गाणे करण्याची हौस आणखी वाढली. अमळनेर असो की शिरपूर, एक लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, एक माइक आणि हेडफोन एवढ्यावर गाणे उभे राहते. चाल जमते, शब्द जमतात, ढोलकीही जमते. तरी ऐकताना काहीतरी कमी वाटते. गायक कपाटात उभा राहून गातोय, असा आवाज येतो. मग कोणीतरी सांगते, ‘चांगला रिव्हर्ब टाक’. शोधायला गेले की चार-पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंतची प्लगइन समोर येतात. एवढे पैसे घालावेत का, घालायचे तर कशावर आणि न घालता काम भागते का?

रिव्हर्ब म्हणजे नेमके काय?

मोकळ्या शेतात हाक मारली की आवाज निघून जातो, परत येत नाही. तीच हाक कोरड्या विहिरीत वाकून मारली तर विहीर बोलू लागते. आवाज भिंतींवर आपटतो, शेकडो वेळा परततो आणि हे परतलेले आवाज एकमेकांत मिसळून शेपटीसारखे रेंगाळतात. या शेपटीला रिव्हर्ब म्हणतात. प्रतिध्वनी म्हणजे इको निराळा. त्यात शब्द पुन्हा सुटा ऐकू येतो आणि त्यासाठी समोरची भिंत साधारण १७ मीटर तरी लांब असावी लागते. गावच्या ऑर्केस्ट्रात मिक्सरवरचे जे बटण सगळ्यांना आवडते ते इकोचे. घरच्या गाण्यात बिघाड होतो तो बरेचदा या दोहोंची गल्लत झाल्याने.

स्टुडिओत ही शेपटी कृत्रिमपणे लावण्याचा खटाटोप जुना आहे. जर्मनीच्या ईएमटी कंपनीने १९५७ मध्ये आणलेल्या ‘ईएमटी १४०’ यंत्रात पोलादाचा मोठा पातळ पत्रा टांगलेला असे. आवाजाने तो थरथरे आणि ती थरथर पुन्हा टिपली जाई. वजन पाव टनाच्या वर. आज प्लगइनमध्ये ‘प्लेट’ नावाचा जो पर्याय दिसतो, तो याच पत्र्याची नक्कल. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅबमधील मॅनफ्रेड श्रोडर यांनी हेच काम संगणकाच्या गणिताने करता येते हे दाखवले. फुकट मिळणारी बरीच प्लगइन आजही त्याच गणिताच्या पुढच्या पिढ्या आहेत. गणित जुने आणि सर्वांना खुले असल्यामुळेच इथे फुकटचा माल हलका असेलच असे नाही.

प्लगइनच्या आधी गोधडी का?

रिव्हर्बचे प्लगइन आवाजात खोली मिसळते, असलेली खोली काढत नाही. दहा बाय बाराची स्लॅबची खोली, खाली फरशी, एका बाजूला काचेची खिडकी. अशा खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज साधारण १८ मिलिसेकंदांत जाऊन परत येतो. टाळी वाजवली की ‘टर्रर्र’ असा पत्र्यासारखा आवाज येतो तो यामुळे. हा आवाज माइकमध्ये शिरला की वर कितीही महागडा हॉल ओतला तरी खोली लपत नाही. हॉलमध्ये ठेवलेल्या डब्यातून कोणी गातोय असे वाटत राहते.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये एका नव्या सभागृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही आणि प्राध्यापकांचे कोणाला काही कळत नसे. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने रात्री दुसऱ्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या उचलून त्या सभागृहात मांडल्या आणि घड्याळ लावून आवाज किती वेळ टिकतो ते मोजले. गाद्या वाढल्या तसा घुमारा घटला. खोलीच्या आवाजाचे शास्त्र त्या गाद्यांवरून सुरू झाले.

खान्देश कपाशीचा मुलूख, इथे गाद्या-गोधड्यांना काय तोटा! गायकाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या किंवा रजया टांगा. भिंतीला चिकटवू नका, वीतभर अंतर सोडा. गादी उभी करून कोपरा झाका. माइक खोलीच्या मधोमध नको आणि भिंतीलगतही नको. पंखा बंद, कूलर बंद. मे महिन्यात जळगावात हे सांगणे सोपे आहे, करणे नाही. म्हणून पहाटे रेकॉर्डिंग करणारे शहाणे. गाणे ‘कोरडे’ मिळाले की निम्मी लढाई तिथेच संपते.

फुकटात काय मिळते?

आधी घरातलेच तपासा. ज्या सॉफ्टवेअरवर गाणे करता त्यात रिव्हर्ब असतोच. एफएल स्टुडिओत ‘फ्रूटी रीव्हर्ब २’, क्युबेसमध्ये ‘रूमवर्क्स’, रीपरमध्ये ‘रीव्हर्बेट’ आणि ‘रीव्हर्ब’. मॅक असेल तर फुकटच्या गॅरेजबँडमध्येही, आणि नुसता मोबाइल असेल तर बँडलॅबमध्येही सोय आहे. यातले एक नीट वापरता येत नसेल तर दहा नवी उतरवून फरक पडत नाही.

त्यापलीकडे जायचेच तर तीन-चार नावे पुरेशी आहेत. ‘ड्रॅगनफ्लाय’ हा मुक्त स्रोताचा संच आहे. त्यात हॉल, रूम, प्लेट अशी वेगवेगळी प्लगइन आहेत आणि तो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. ‘ओरिलरिव्हर’मध्ये बारीकसारीक बदल करण्याला खूप वाव आहे, गाण्याच्या आवाजाला तो छान बसतो. ‘टॅल रिव्हर्ब ४’ प्लेटच्या वळणाचा, मोजक्या बटणांचा. नवख्याने याच्यापासून सुरुवात करावी. ‘वलहाला सुपरमॅसिव्ह’ २०२० मध्ये फुकट आला आणि सगळीकडे पोहोचला. मात्र तो अवाढव्य, आकाशात विरत जाणाऱ्या आवाजासाठी आहे. विरहगीताच्या सुरुवातीच्या आलापाला ठीक. हळदीच्या ठेक्यावर टाकला तर चिखल.

विकत घ्यायचे असेल तर?

वर्षभर फुकटचे वापरून झाले, गाण्यातून थोडी कमाई सुरू झाली आणि नेमके काय कमी पडते हे सांगता येऊ लागले, तर एखादे विकत घ्यायला हरकत नाही. ‘वलहाला’चे व्हिंटेजव्हर्ब, रूम आणि प्लेट प्रत्येकी ५० डॉलरना आहेत, म्हणजे बँकेचे शुल्क धरून साधारण साडेचार हजार रुपयांच्या घरात. या कंपनीची एक गंमत आहे : ती सेल लावतच नाही. वाट पाहून उपयोग नाही आणि घाई करूनही नाही. डेमो फुकट मिळतो, आपल्याच गाण्यावर लावून पाहता येतो. तिघांपैकी एकच घ्यायचे तर व्हिंटेजव्हर्ब. त्यात जुन्या डिजिटल यंत्रांचा हॉल आणि प्लेट दोन्ही ढंग आहेत.

इतर अनेक कंपन्यांची रीत उलटी. छापील किंमत मोठी आणि वर्षभर सवलतींचा धडाका, नोव्हेंबरअखेर तर जास्तच. ‘आज रात्री १२ पर्यंतच’ अशी जाहिरात पुढच्या महिन्यात परत येते. तेव्हा छापील किमतीकडे पाहूच नये.

पैसे भरताना एक अडचण हमखास येते. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे कार्ड परदेशी व्यवहारासाठी बंद अवस्थेत मिळते. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करावे लागते. मर्यादा लावून सुरू करा आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करा.

‘क्रॅक’ घेतला तर काय बिघडते?

कायद्याचा भाग आहेच, पण त्याआधी धंद्याचा विचार करावा. फुकट मिळते म्हणून उतरवलेल्या क्रॅक फाइलमधून संगणकात शिरणारी घातक सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये साठवलेली लॉगिनची माहिती चोरतात. पासवर्ड न विचारता यूट्यूब चॅनेल दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकते. ज्याची चार वर्षांची गाणी आणि सबस्क्रायबर त्या एका चॅनेलवर आहेत, त्याच्यासाठी हा साडेचार हजार वाचवण्याचा सौदा नाही. आणि तेवढेच चांगले प्लगइन फुकट उपलब्ध असताना तर मुळीच नाही.

किती टाकावा?

अहिराणी गाणे चालते ते शब्दांवर. एखादी कोपरखळी, एखादे गावठी विशेषण कानावर पडले की मांडवात हशा होतो. तो शब्दच धुक्यात गेला तर गाणे गेले. अहिराणीत वाक्य अनेकदा ‘शे’ वर संपते. हा ‘श’ रिव्हर्बमध्ये गेला की फवारल्यासारखा ‘श्श्श’ पसरतो. म्हणून रिव्हर्बकडे जाणाऱ्या आवाजातले वरचे टोक कापा, आठ-दहा किलोहर्ट्झच्या वर काही जाऊ देऊ नका. खालचेही कापा. दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खालचा घुमारा ढोलकीच्या धुमाच्या अंगावर येतो.

प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब लावण्यापेक्षा एक वेगळी ‘सेंड’ वाहिनी करा आणि त्यावर एकच रिव्हर्ब ठेवा. गायक, कोरस, बासरी सगळे थोडेथोडे तिकडे पाठवा. सगळे एकाच मांडवात बसल्यासारखे वाटतात, आणि जुन्या लॅपटॉपवरचा भारही कमी होतो.

‘प्री-डिले’ हे सर्वात दुर्लक्षित बटण. मूळ शब्द आणि शेपटी यांच्यात ते किंचित फट ठेवते. २० ते ४० मिलिसेकंद ठेवले तर शब्द आधी कानावर पडतो, घुमारा मागून येतो. शेपटीच्या लांबीसाठी साधा हिशेब : ६०,००० ला गाण्याच्या टेम्पोने भागा. १२० टेम्पोला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, चार मात्रा दोन सेकंदांच्या. गायकाच्या प्लेटची शेपटी सव्वा ते पावणेदोन सेकंद ठेवली तर पुढची ओळ येण्याआधी ती विझते. ढोलकी आणि संबळ जवळजवळ कोरडेच राहू द्या. अर्ध्या सेकंदाहून छोटी रूम फार झाली. प्रीसेटच्या यादीत ‘कॅथेड्रल’ दिसते म्हणून भुलू नये, खळ्यातल्या गाण्याला कॅथेड्रल कशाला?

मग सेंडचा आवाज हळूहळू वाढवा. रिव्हर्ब आहे असे कळू लागले की तिथून थोडा मागे या. बंद केल्यावर त्याची उणीव भासली, तर तो बरोबर बसला आहे. हेडफोनवर झाले की मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, शक्य तर मोनोमध्ये. रुंद पसरलेला रिव्हर्ब मोनोत आक्रसतो, आणि अनेक डीजेंच्या भिंतीतून दोन्ही बाजूंना एकच आवाज येत असतो. शिवाय हळदीची गल्ली स्वतःच घुमते. तिथे दोन्ही बाजूंची घरे आपला रिव्हर्ब फुकट मिसळतात.

स्वतःच्या गावाचा रिव्हर्ब करता येतो का?

येतो, आणि खर्च एका फुग्याचा. रिव्हर्बचा दुसरा प्रकार ‘कॉन्व्होल्यूशन’. त्यात खऱ्याखुऱ्या जागेचा ठसा वापरतात. गावच्या जुन्या दगडी मंदिराच्या सभामंडपात, गर्दी नसताना, पुजाऱ्याला विचारून मोठा फुगा फोडायचा. काही पावलांवर रेकॉर्डर ठेवायचा. मोबाइलच वापरणार असाल तर गोंगाट कमी करणारी आणि आवाज आपोआप वर-खाली करणारी सेटिंग बंद करा आणि वेव्ह फाइलमध्ये नोंदवा. पाच-सहा फुगे फोडा, पक्ष्यांचा किंवा मोटारसायकलचा आवाज नसलेला एक निवडा. फुटण्याच्या क्षणापासून घुमारा विझेपर्यंतचा तुकडा कापा आणि रीपरच्या ‘रीव्हर्ब’मध्ये किंवा एफएलच्या ‘फ्रूटी कन्व्हॉल्व्हर’मध्ये टाका. घरात गोधड्यांमध्ये गायलेले गाणे त्या सभामंडपात जाऊन बसते. पुरातत्त्व विभागाची संरक्षित वास्तू असेल तर मात्र आधी परवानगी घ्या.

कानबाईची गाणी किंवा आखाजीच्या झोक्यावरची गौराईची गाणी नव्याने करणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावे. ही गाणी माजघरात, ओसरीवर, अंगणात म्हटली जात. हॉलची शेपटी त्यांना परकी वाटते. आजीच्या घरातल्या माजघराचा ठसा कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि तशी घरे पाडून स्लॅब पडण्याच्या आधी फुगा फोडलेला बरा.