घराचे मोल आणि जिन्याची वाट

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातील दाणाबाजारात शिवणकामाच्या एका दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात जण धुराने गुदमरून मृत्युमुखी पडले. आगीच्या कारणांची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. परंतु खाली दुकान व वर बिऱ्हाड असे एखादे घर कर्जासाठी तारण ठेवावयाचे झाल्यास मूल्यांकक त्याची किंमत कशी लावतो, याची चर्चा झाली नाही.

मूल्यांकक क्षेत्रफळ मोजतो, जमिनीचा दर धरतो, बांधकामाच्या खर्चातून वयोमानानुसार घसारा वजा करतो. तळमजल्यावर गाळा असेल तर त्याचे भाडे अधिक, म्हणून किमतीत भर पडते. त्याच गाळ्यात कापडाचे तागे रचलेले असोत, एकुलता एक अरुंद जिना त्याला लागूनच वर जात असो, जिन्याखाली विजेचे मीटर असोत. हिशेबात गाळा जमेच्याच बाजूला पडतो. जो धोक्याचे मूळ, तोच किमतीचा आधार, असा हा विलक्षण ताळेबंद आहे.

यात बँकेचे तर्कशास्त्र चुकीचे नाही. तिला कर्जाची रक्कम सुरक्षित हवी असते. इमारत जळाली तरी जमीन उरते आणि इमारतीचा विमा उतरविता येतो. राहणाऱ्याच्या जिवाची जोखीम तिच्या वहीत येत नाही. खरेदीदाराची दृष्टीही फारशी निराळी नसते. संगमरवरी फरशीला भाव मिळतो, भिंतीतल्या अर्थिंगला मिळत नाही. कारण ते दिसतच नाही.

महापालिका हद्दीत तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने आवश्यक आहे, हे खरे. पण ती खांब-तुळयांची तपासणी. धूर कोणत्या वाटेने चढेल, हा तिचा विषय नव्हे. शिवाय वय हा निकषही पुरेसा नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये कोसळलेली 'तारिक गार्डन' इमारत जेमतेम दशकभराची होती.

तेव्हा मूल्यांकनाच्या अहवालात आणखी एक पान असावे. बाहेर पडण्याची दुसरी वाट आहे काय, खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या आतून उघडतात काय, वायरिंग किती जुने आहे, रात्री वाहनाची बॅटरी कोठे लावली जाते, हे पाहावयास मूल्यांकक अग्निशमनाचा तज्ज्ञ असावा लागत नाही. गळक्या छपराचा दुरुस्तीखर्च जसा किमतीतून वजा होतो, तसा या दोषांच्या निवारणाचा खर्चही वजा व्हावा.

यावरचा गंभीर आक्षेप वेगळाच आहे. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने व त्याच्या २०२१ च्या सुधारणेने या शहरातील अनेक वसाहतींना नियमित होण्याचा मार्ग मिळाला. घर नियमित झाले की कागद भक्कम होतो, जिना मात्र होता तेवढाच राहतो. अशा घरांची किंमत धोक्यापायी घटविली, तर कर्ज नाकारले जाईल आणि मालक सावकाराच्या दारी जाईल, ही भीती अनाठायी नाही. म्हणून जेवढा दुरुस्तीखर्च वजा होईल, तेवढी रक्कम त्याच तारणावर दुरुस्तीसाठी निराळी मंजूर व्हावी आणि काम पाहूनच ती अदा केली जावी. जाळीला आतून उघडणारे दार बसविणे, मीटर जिन्याखालून हलविणे ही कामे घराच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहेत. वजाबाकी आधी मांडावी लागेल एवढेच.